बोटांना न लागणारी नाडी

अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत रक्तदाब हा सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर लिहायचा आकडा राहत नाही; औषधाचा वेग वाढवायचा की उतरवायचा, सलाइन द्यायचे की थांबवायचे, हे त्याच्यावरून आणि तेही काही मिनिटांच्या आत ठरत असते. रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग (सेप्सिस), मोठा रक्तस्राव किंवा हृदयाचे खचलेले बळ यांपैकी कोणत्याही कारणाने शरीर ‘शॉक’ या अवस्थेत गेले, म्हणजे मेंदू, मूत्रपिंडे, यकृत आणि आतडी यांना गरजेइतके रक्त पोहोचेनासे झाले, की डॉक्टरांचे लक्ष वरच्या किंवा खालच्या रक्तदाबापेक्षा सरासरी रोहिणीदाबाकडे लागते. रोहिणी म्हणजे हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणारी वाहिनी, जिला धमनीही म्हणतात. आणि सरासरी रोहिणीदाब म्हणजे हृदयाच्या एका पूर्ण आवर्तनात त्या वाहिनीत सरासरीने टिकून राहिलेला दाब. हृदयाचा आकुंचनापेक्षा प्रसरणात अधिक वेळ जात असल्यामुळे ही सरासरी खालच्या आकड्याकडे झुकलेली असते, म्हणून १२०/८० या नेहमीच्या रक्तदाबात ती १०० नव्हे, तर सुमारे ९३ मिलिमीटर पारा एवढी भरते. सेप्सिसमुळे शॉकमध्ये गेलेल्या प्रौढ रुग्णात ती निदान ६५ राखावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ६५ आणि ५५ यांतले अंतर कागदावर क्षुल्लक वाटेल. मूत्रपिंडांच्या दृष्टीने ते क्षुल्लक नसते.

वॉर्डात सर्वत्र दिसणारा, दंडाला गुंडाळल्यावर आपोआप फुगणारा पट्टा हे तिन्ही आकडे थेट मोजत नाही. पट्ट्यातील हवा हळूहळू सुटत असताना खालच्या रोहिणीच्या ठोक्यांमुळे त्या हवेत जी सूक्ष्म आंदोलने उठतात ती यंत्र टिपते, ती सर्वांत मोठी होतात त्या वेळचा दाब सरासरी म्हणून धरते, आणि वरचा व खालचा आकडा स्वतःच्या गणिताने काढून दाखवते. ठोके बलवान आणि लयबद्ध असतात तोवर ही पद्धत चोख काम देते. पण नाडी क्षीण झाली, हृदयाची लय बिघडली, दंडाला सूज आली किंवा पट्टा दंडाच्या मापाचा नसला, की आकडे भरकटू लागतात. शिवाय पट्टा सलग मोजत नाही, आणि दोन मोजण्यांच्या मधल्या काळात दाब कोठवर घसरला होता याची नोंद कोठेच राहत नाही.

म्हणून अशा रुग्णाच्या रोहिणीतच एक बारीक प्लॅस्टिकची नलिका, म्हणजे कॅथेटर, बसवतात. डॉक्टर आणि परिचारिका तिला ‘आर्टेरिअल लाइन’ किंवा थोडक्यात ‘आर्ट लाइन’ म्हणतात. तिला जोडलेल्या द्रवाने भरलेल्या नळीतून प्रत्येक ठोक्याचा दाब एका संवेदकापर्यंत पोहोचतो आणि मॉनिटरवर त्याची लहर उमटत राहते. याच नलिकेतून, रुग्णाला पुन्हा सुई न टोचता, रोहिणीतील रक्ताचे नमुनेही घेता येतात. रक्तातील ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि लॅक्टेट मोजणारी ‘एबीजी’ ही तपासणी व्हेंटिलेटरवरील रुग्णात दिवसातून अनेकदा करावी लागते, आणि तितक्या वेळा मनगटात खोल सुई टोचणे किती वेदनादायक असते हे ती तपासणी करवून घेतलेला कोणीही सांगेल.

रोहिणीतील दाब थेट मोजण्याची कल्पना दंडाच्या पट्ट्याहून कितीतरी जुनी आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी घालून ती उंच काचेच्या नळीला जोडली, तेव्हा रक्ताचा स्तंभ आठ फूट तीन इंच चढला. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवला आहे. इतकी उंच नळी गैरसोयीची होती, म्हणून फ्रान्समधील प्वाझय याने १८२८ साली पाण्याहून साडेतेरा पट जड असलेला पारा वापरला, आणि रक्तदाब आजही मिलिमीटर पाऱ्यात सांगितला जातो त्याचा उगम तेथे आहे. फुगवता येणारा पट्टा इटलीतील रिवा-रोच्ची याने १८९६ साली आणला आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दोन्ही आकडे सांगण्याची रीत रशियातील कोरोत्कोव्ह याने १९०५ साली दिली. त्वचेतून सुई घालून माणसाच्या रोहिणीत प्लॅस्टिकची नलिका ठेवण्याची आणि तिच्यातून सलग दाब नोंदवण्याची पद्धत १९४९ साली अमेरिकेतील पीटरसन, ड्रिप्स आणि रिसमन यांनी वर्णिली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इबसेन याने श्वास बंद पडलेल्या रुग्णांना श्वासनलिकेतून हाताने हवा देण्याची व्यवस्था केली. त्या रुग्णांच्या रक्ताची आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड वारंवार मोजण्याची निकड निर्माण झाली, आणि अतिदक्षता विभाग ही संस्था आणि रक्तवायूंची तपासणी ही दोन्ही एकाच संकटातून पुढे आली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगर याने आधी सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नलिका, असा क्रम मांडला. पृष्ठभागाखाली न दिसणाऱ्या वाहिनीत मोठी चीर न घेता नलिका नेण्याचा हा मार्ग आज जगभरच्या रुग्णालयांत रोज वापरला जातो.

या साऱ्या प्रगतीत एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली: रोहिणी कोठे आहे हे बोटांनीच शोधायचे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जेथे वैद्य नाडी पाहतात, तेथेच रेडिअल रोहिणी त्वचेच्या अगदी जवळून जाते. दोन बोटे ठेवून ठोका हेरायचा आणि त्या दिशेने तिरपी सुई घालायची, ही पद्धत धडधाकट नाडीच्या माणसात बहुधा साधते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल देताना ती हजारो वेळा साधलीही आहे.

अडचण अशी, की आर्ट लाइनची गरज जेवढी तीव्र तेवढी नाडी हाताला लागण्याची शक्यता कमी. शॉकमध्ये दाब घसरलेला असतो, त्यामुळे ठोका मंद असतो. दाब सावरण्यासाठी दिलेले नॉरॲड्रेनालिनसारखे औषध रक्तवाहिन्या आवळूनच काम करते, त्यामुळे आधीच दोन-अडीच मिलिमीटर व्यासाची रोहिणी आणखी आकसते. शरीरात गेलेल्या कित्येक लिटर द्रवाने मनगट सुजते आणि रोहिणी बोटांपासून दूर जाते. एक्मो या यंत्रावर, जेथे रक्त शरीराबाहेर काढून ऑक्सिजन मिसळून परत सोडले जाते, किंवा रक्ताचा अखंड प्रवाह ठेवणाऱ्या कृत्रिम हृदयपंपावर असलेल्या रुग्णात ठोका जवळजवळ नसतोही. अशा वेळी केवळ बोटांच्या भरवशावर सुई घालणे म्हणजे अंदाज बांधणे होय. पहिला अंदाज चुकला की रोहिणी आचके देऊन आणखी आकसते, टोचलेल्या जागी रक्त साकळून गाठ येते, ती गाठ उरलासुरला ठोकाही झाकते, आणि म्हणून दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा कठीण होत जातो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या किंवा प्लेटलेट घटलेल्या रुग्णात ही साखळी अधिकच महागात पडते. दोन्ही मनगटे काळीनिळी करून अखेर जांघेकडे वळावे लागणे हा अनेक अतिदक्षता विभागांतील परिचित अनुभव आहे, आणि तो अपरिहार्य मानला जाऊ नये हेच या लेखाचे म्हणणे आहे.

सोनोग्राफीने हा प्रश्न ज्या रीतीने सोडवला ती समजून घेण्याजोगी आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी, आणि सोनोग्राफी त्याच्यावरच चालते. रक्तवाहिन्या पाहण्यासाठी त्वचेवर टेकवायच्या सपाट तोंडाच्या उपकरणातून, म्हणजे प्रोबमधून, सेकंदाला साधारण एक कोटी कंपने होतात. मऊ ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर या वेगाने जात असल्यामुळे अशा ध्वनीची एक लहर जेमतेम ०.१५ मिलिमीटर लांब असते, आणि म्हणूनच दोन मिलिमीटरची रोहिणी तिच्या भिंतींसह स्पष्ट दिसू शकते. कंपने जितकी अधिक तितके चित्र रेखीव, पण ध्वनी तितकाच उथळ जातो; पोटातील अवयव पाहणाऱ्या प्रोबला खोली हवी असते म्हणून ती कमी कंपनांवर चालते, आणि मनगटात सारे काही काही मिलिमीटरांच्या आत असल्यामुळे येथे रेखीवपणा निवडता येतो. रक्तातून ध्वनी फारसा परतत नसल्याने वाहिन्या पडद्यावर काळ्या दिसतात, हाड पांढरे दिसते आणि त्यामागे सावली पडते.

प्रोब मनगटावर आडवी ठेवली की रोहिणी एका लहान काळ्या वर्तुळासारखी दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना, बहुतेक वेळा, दोन चिमुकल्या नीला असतात. नीला म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या. त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी असल्यामुळे प्रोबने हलके दाबताच त्या मिटतात, तर रोहिणी तेवढ्याच दाबाला टिकून राहते आणि मिटण्याच्या बेतात आली की तिचे स्पंदन उलट अधिक ठळक दिसते. रक्ताच्या प्रवाहाला रंग देणारी डॉपलर सोय यंत्रात असतेच, परंतु तिच्याबाबत नवशिक्यांचा हमखास घोटाळा होतो. पडद्यावरचा लाल रंग रोहिणीचा आणि निळा नीलेचा नसतो. प्रवाह प्रोबच्या दिशेने येत असेल तर एक रंग आणि दूर जात असेल तर दुसरा, एवढेच तो सांगतो, आणि प्रोबचा कल बदलला की रंगही बदलतात. ओळख पटवायची ती भिंतीवरून, स्पंदनावरून आणि दाबून पाहून.

पाहणे आणि सुई नेमकी नेणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा बरेच अवघड आहे. सोनोग्राफीचे चित्र हा शरीराचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा छेद असतो. प्रोब रोहिणीला आडवी धरली तर रोहिणी वर्तुळ आणि सुई पांढरा ठिपका दिसते. पण हा ठिपका सुईच्या टोकाचा आहे की टोक पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या दांड्याचा, हे ठिपक्याकडे पाहून कळत नाही, कारण दोन्ही सारखेच दिसतात. पडद्यावर ठिपका रोहिणीच्या वर आहे असे समजून माणूस सुई पुढे ढकलतो आणि प्रत्यक्षात टोक केव्हाच रोहिणी भेदून मागच्या हाडाजवळ गेलेले असते. प्रोब रोहिणीच्या लांबीने धरली तर सुई टोकापासून अखेरपर्यंत दिसते, मात्र इतक्या अरुंद रोहिणीवर तितकाच अरुंद छेद स्थिर धरून ठेवणे जमायला हात बसावा लागतो. प्रोब केसभर सरकली तरी रोहिणी नाहीशी होते, किंवा तिच्या शेजारची नीलाच रोहिणी म्हणून समोर येते.

यावर जो तोडगा अलीकडच्या काळात रुळला आहे तो साधा आणि सुंदर आहे. आडव्या छेदात सुईचे टोक ठिपका म्हणून दिसले की सुई तेथेच थांबवायची आणि प्रोब पुढे, खांद्याच्या दिशेने, अगदी थोडी सरकवायची. टोक छेदाबाहेर राहिल्यामुळे ठिपका नाहीसा होतो. मग प्रोब स्थिर ठेवून सुई हळूच पुढे न्यायची, की ठिपका पुन्हा उगवतो, आणि जो पुन्हा उगवला तो निःसंशय टोकाचाच असतो. प्रोब आणि सुई अशी आळीपाळीने पुढे जात राहतात, ठिपका प्रत्येक वेळी रोहिणीच्या मध्याच्या जवळ येतो, आणि अखेर काळ्या वर्तुळाच्या बरोबर मधोमध दिसतो. येथेच थांबण्याचा मोह आवरायचा असतो. सुईच्या मागच्या टोकात लाल रक्त चमकले म्हणजे काम झाले, असे बोटांनी शिकलेल्या हाताला वाटते, परंतु त्या क्षणी सुईचे केवळ टोकच आत आलेले असते, तिच्यावरची नलिका अजून बाहेर असते. म्हणून हाच क्रम रोहिणीच्या आतून आणखी काही मिलिमीटर चालू ठेवायचा, ठिपका दर वेळी मध्यावर राहील असा सुईचा कल कमी करत न्यायचा, आणि मगच नलिका सुईवरून पुढे सरकवायची. डोळे पडद्यावर आणि हात मनगटावर, ही फारकत जुळवायला सराव लागतो. तो सराव मांसाच्या तुकड्यात किंवा जेलच्या ठोकळ्यात पुरलेल्या नळीवर करता येतो आणि तेथेच करावा.

नलिका सामान्यतः २० गेजची, म्हणजे बाहेरून सुमारे १.१ मिलिमीटर जाडीची असते. आकसलेल्या रोहिणीचा आतला व्यास दीड मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर नलिका जवळजवळ सगळी वाट अडवते, आणि हे सुई घालण्याआधीच कळणे या सोनोग्राफीच्या लाभाविषयी पुरेसे बोलले जात नाही. यंत्र केवळ सुईला वाट दाखवत नाही; कोठे घालू नये हेही ते सांगते. मनगटाशी रोहिणी बारीक, वळणदार किंवा चुन्याने कडक झालेली असेल, आधीच्या प्रयत्नांमुळे तिच्यात गुठळी असेल, तर थोडे वर, कोपराच्या दिशेने, तीच रोहिणी सरळ आणि रुंद मिळू शकते. तेथे ती बोटांना लागत नाही म्हणून पूर्वी तिचा विचारच होत नसे. जांघेतील फिमरल रोहिणीच्या बाबतीत तर हा लाभ जिवावरचे संकट टाळणारा आहे, कारण तेथे सुई जांघेच्या अस्थिबंधाच्या वर गेली तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साठत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

या पद्धतीच्या बाजूचा पुरावा आता भक्कम आहे. २००३ साली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६९ रुग्णांत दोन्ही पद्धतींची तुलना केली, तेव्हा पहिल्याच प्रयत्नात नलिका बसण्याचे प्रमाण सोनोग्राफीने ६२ टक्के आणि बोटांनी ३४ टक्के आढळले. २०११ साली अशा चार चाचण्यांतील ३११ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्यात पहिल्या प्रयत्नातील यशाची शक्यता सोनोग्राफीने ७१ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. कॉक्रेन या पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात अभ्यासांची संख्या ४८ आणि रुग्णांची सुमारे आठ हजार झाली होती, आणि कौल तोच राहिला. मानेतील मोठ्या नीलेत नलिका घालताना सोनोग्राफी वापरावी, अशी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ सालीच केली होती. रोहिणीसाठी तीच शहाणीव रुजायला जास्त वेळ लागला, याचे कारण शास्त्रात नसून सवयीत असावे: मनगटाची नाडी इतकी परिचित, की ती पाहण्यासाठी यंत्र हवे हे मान्य करणे अनुभवी हातांना जड गेले.

मनगटात नलिका घातल्याने हात निकामी होईल का, ही नातेवाइकांची भीती स्वाभाविक आहे आणि तिचे उत्तर आकड्यांत देता येते. तळहाताला रेडिअल आणि करंगळीकडची अल्नर अशा दोन रोहिण्या रक्त पुरवतात आणि त्या तळव्यात कमानीने एकमेकींना जोडलेल्या असतात. ही जोडणी पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी दोन्ही रोहिण्या दाबून, मग एक सोडून, तळव्याची लाली किती वेळात परतते ते पाहण्याची ‘ॲलन चाचणी’ सर्वत्र शिकवली जाते. एडगर ॲलन याने ती १९२९ साली मांडली, पण नलिका घालण्यापूर्वीची खबरदारी म्हणून नव्हे, तर हातापायांच्या रोहिण्या बंद पाडणाऱ्या बर्गरच्या आजारात अडथळा ओळखण्यासाठी. १९८३ साली स्लोगॉफ आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,७०० हृदयशस्त्रक्रियांच्या रुग्णांचा अभ्यास केला. नलिका काढल्यावर रेडिअल रोहिणी बंद झाल्याची उदाहरणे त्यात चौथाईहून अधिक होती, तरी ॲलन चाचणी प्रतिकूल असलेल्यांतही हाताला त्यामुळे इजा झाल्याचे दिसले नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात सुमारे वीस हजार रेडिअल नलिकांचा हिशेब आहे: रोहिणी तात्पुरती बंद होण्याचे प्रमाण १९.७ टक्के, तर हाताला कायमची इजा होण्याचे ०.०९ टक्के. धोका अत्यल्प आहे. शून्य नाही, आणि म्हणून बोटे गार किंवा पांढरी पडली तर नलिका तत्काळ काढायची असते.

नलिका बसली म्हणजे डॉक्टरांचे काम संपते आणि परिचारिकांचे सुरू होते, आणि या दुसऱ्या कामाला पहिल्याइतका मान मिळत नाही ही खेदाची बाब आहे. संवेदक हृदयाच्या पातळीला, म्हणजे छातीच्या चौथ्या फासळीखालच्या जागेतून आणि काखेच्या मध्यातून जाणाऱ्या रेषा जेथे मिळतात तेथे, बांधलेला असावा लागतो. गवंडी पाणी भरलेल्या नळीने दोन भिंतींची पातळी जुळवतो, तोच नियम येथे लागू आहे: संवेदक दहा सेंटिमीटर खाली घसरला तर आकडा सुमारे साडेसात मिलिमीटरने फुगतो, आणि प्रत्यक्षात ५८ असलेली सरासरी ६५ दिसून सारे निर्धास्त राहतात. पलंग वरखाली केला, रुग्णाला कुशीवर वळवले, की पातळी पुन्हा पाहावी लागते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला किंवा टोकाशी गुठळी धरली तर लहर बोथट होते आणि वरचा आकडा खोटा कमी दिसतो. त्यासाठी द्रवाचा झोत क्षणभर सोडून बंद करतात आणि लहर कशी सावरते ते पाहतात. नळी वाहती राहावी म्हणून सलाइनची पिशवी ३०० मिलिमीटर दाबाखाली ठेवतात, तिच्यातून ताशी सुमारे तीन मिलिलिटर द्रव जात राहतो. या पिशवीत ग्लुकोज कधीही नसावे, कारण त्याचा अंश नमुन्यात मिसळला तर साखर खोटी वाढलेली दिसते, रुग्णाला नको असलेले इन्सुलिन दिले जाते आणि साखर घसरून मेंदूला इजा होते. अशा घटनांनंतर ब्रिटनमध्ये २००८ साली राष्ट्रीय पातळीवर इशारा द्यावा लागला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे, या नळीतून औषध जाता कामा नये. नीलेसाठी असलेले इंजेक्शन रोहिणीत गेले तर बोटे काळी पडून कापावी लागू शकतात, म्हणून नळीवर लाल खूण आणि ठळक अक्षरांत चिठ्ठी हवीच.

इतके कौतुक केल्यावर हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे, की नलिका सहज बसू लागली म्हणून ती प्रत्येकाला बसवणे योग्य ठरत नाही. शॉकमधील रुग्णात पट्ट्याऐवजी आर्ट लाइनने दाब मोजावा, असे २०२१ ची सेप्सिसविषयक मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात, परंतु ही सूचना दुबळ्या पुराव्यावर उभी असल्याचे ती स्वतःच नमूद करतात. २०२५ साली फ्रान्समधील नऊ अतिदक्षता विभागांतील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत शॉकमधील सुमारे एक हजार रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच आर्ट लाइन घातली आणि निम्म्यांत पट्ट्यावर भिस्त ठेवून ठरावीक निकषांनुसार गरज पडली तरच ती घालायची, असे ठरवले. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण पट्ट्याच्या गटात ३४.३ आणि नलिकेच्या गटात ३६.९ टक्के होते, म्हणजे वाट पाहिल्याने नुकसान झाले नाही. रक्तस्राव किंवा रक्ताची गाठ यांचे प्रमाण मात्र अनुक्रमे १ आणि ८.२ टक्के होते. वाट पाहिलेल्यांपैकी साधारण सातांतल्या एकाला पुढे नलिका लागलीच. या निष्कर्षाचा सोनोग्राफीशी विरोध नाही. उलट, ज्यांना वाट पाहूनही नलिका लागली ते अधिक बिघडलेले, अधिक सुजलेले, अधिक क्षीण नाडीचे रुग्ण असणार, आणि त्यांच्यात बोटांनी चाचपडणे सर्वांत कमी परवडणारे आहे. नलिका थोड्यांना, पण त्या थोड्यांना पाहून: आजच्या पुराव्याचा मथितार्थ असा लावणे रास्त दिसते.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळे वळण आहे. ज्या यंत्राने रोहिणी दिसते त्याच यंत्राने गर्भाचे लिंगही दिसू शकते, आणि त्या शक्यतेने या राज्यात काय घडवले हे २०११ च्या जनगणनेने दाखवले: सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून ८९४ वर आली होती आणि बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. त्यापाठोपाठ १९९४ चा केंद्रीय कायदा आला, आणि तो कागदावरच राहिल्याचे पाहून ‘सेहत’ व ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज हे २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण जोडण्यात आले, आणि त्यावरचा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळला. या लढ्याचे मोल कमी लेखून अतिदक्षता विभागाची सोय पाहता येणार नाही.

परंतु कायदा या कामाच्या आड येतो, ही समजूतही बरोबर नाही. यंत्र कशासाठी घेतले हा कायद्याचा निकष नाही, ते लिंग दाखवू शकते का हा आहे. त्यामुळे केवळ रक्तवाहिन्या पाहण्यासाठी ठेवलेल्या यंत्राचीही समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदणी लागते. फिरते यंत्र, नियमांनुसार, नोंदणी झालेल्या जागेच्या आत आंतररुग्णांसाठी वापरता येते, आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण हा आंतररुग्णच असतो. मुळात अडते ते कागदपत्रांच्या धास्तीने आणि यंत्र रेडिऑलॉजी विभागाच्या कुलपात ठेवण्याच्या प्रथेने. रात्री दोन वाजता शॉकमध्ये आलेल्या रुग्णाला दुसऱ्या मजल्यावरच्या कुलपातील यंत्राचा उपयोग नसतो. कायद्याने जबाबदार माणूस, यंत्राचा क्रमांक आणि जागा मागितली आहे, ती देऊन यंत्र अतिदक्षता विभागातच कायम राहू शकते, आणि जेथे हे केले जाते तेथे कायदाही पाळला जातो आणि रुग्णही वाचवता येतो.

म्हणून तीन गोष्टींची मागणी करणे आवश्यक आहे. जिल्हा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांना त्यांचे स्वतःचे, नोंदणीकृत आणि चोवीस तास हाताशी असणारे यंत्र मिळावे. भूलशास्त्र, औषधवैद्यक आणि आपत्कालीन वैद्यक यांच्या पदव्युत्तर शिक्षणात सुईचे टोक पडद्यावर राखण्याचे कौशल्य ठोकळ्यावर तपासून मगच विद्यार्थ्याला रुग्णाच्या मनगटाशी जाऊ द्यावे. आणि परिचारिकांना संवेदकाची पातळी व लहरीची पारख यांचे रीतसर प्रशिक्षण मिळावे. ज्या वाचकांवर आपल्या माणसासाठी अतिदक्षता विभागात संमतिपत्रावर सही करण्याची वेळ येईल त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारण्यास संकोचू नये: ही नलिका आत्ताच लागणार आहे का, आणि लागणार असेल तर ती सोनोग्राफीने पाहून घातली जाणार आहे का.